१९६५–६६ टेक्सास वेस्टर्न मायनर्स पुरुष बास्केटबॉल संघ

१९६५–६६ टेक्सास वेस्टर्न मायनर्स पुरुष बास्केटबॉल संघ हा अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील एल पासो येथील टेक्सास वेस्टर्न कॉलेजचा १९६५–६६ च्या हंगामातील बास्केटबॉल संघ होय. डॉन हॅस्किन्स यांच्या मार्गदर्शनाखाली खेळलेल्या या संघाने २९ पैकी २८ सामने जिंकले आणि एनसीएए या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचे विजेतेपद मिळवले. १९ मार्च १९६६ रोजी मेरीलँड राज्यातील कॉलेज पार्क येथे झालेल्या अंतिम सामन्यात त्याने अग्रमानांकित केंटकी विद्यापीठाचा ७२–६५ असा पराभव केला.

या सामन्यात टेक्सास वेस्टर्नचे सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय होते, तर केंटकीचे सर्व खेळाडू श्वेतवर्णीय होते. पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी सामना सुरू करून एनसीएए विजेतेपद मिळवणारा हा पहिला संघ ठरला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील अनेक विद्यापीठांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना तोपर्यंत आपल्या संघांत प्रवेश दिलेला नव्हता. त्यामुळे महाविद्यालयीन खेळांतील वर्णविभाजनाच्या इतिहासात या हंगामाला महत्त्वाचे स्थान आहे. २००७ साली या संपूर्ण संघाचा नेस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला.

पार्श्वभूमी

महाविद्यालय आणि शहर

एल पासो हे टेक्सासच्या पश्चिम टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या काठी वसलेले शहर आहे. नदीच्या पलीकडे मेक्सिकोमधील स्यूदाद हुआरेझ हे शहर आहे. येथील महाविद्यालयाची स्थापना १९१४ साली खाणकाम व धातुशास्त्राची शाळा म्हणून झाली. संघाला मिळालेले ‘मायनर्स’ म्हणजे ‘खाणकामगार’ हे नाव त्यावरूनच आले आहे. महाविद्यालयाच्या इमारती भूतानमधील किल्लेवजा मठांच्या शैलीत बांधलेल्या असून अमेरिकेत ही शैली विरळाच आढळते. १९४९ साली संस्थेचे नाव टेक्सास वेस्टर्न कॉलेज असे झाले आणि १९६७ साली ते बदलून एल पासो येथील टेक्सास विद्यापीठ असे करण्यात आले. विजेतेपद जुन्या नावाने मिळाले असल्याने या संघाचा उल्लेख आजही टेक्सास वेस्टर्न असाच केला जातो.

सीमेवरील या शहरात मेक्सिकन वंशाच्या लोकांची संख्या मोठी होती आणि टेक्सासच्या पूर्व भागाच्या तुलनेने येथील वर्णविभाजनाची पकड काहीशी सैल होती. महाविद्यालयाने १९५५ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पदवीच्या वर्गांत प्रवेश दिला. पुढच्याच वर्षी चार्ल्स ब्राउन हा कृष्णवर्णीय खेळाडू बास्केटबॉल संघात दाखल झाला. म्हणजेच १९६६ च्या विजयाला दहा वर्षांची पूर्वपीठिका होती.

अमेरिकेतील परिस्थिती

सार्वजनिक शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य असल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ या खटल्यात दिला. नागरी हक्क कायदा २ जुलै १९६४ रोजी, तर मतदान हक्क कायदा ६ ऑगस्ट १९६५ रोजी अमलात आला. कायदा बदलला तरी क्रीडांगणावरील रूढी लगेच बदलल्या नाहीत. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या दक्षिणेकडील प्रमुख विद्यापीठांच्या गटात १९६५–६६ च्या हंगामात एकही कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू खेळत नव्हता. केंटकी विद्यापीठ याच गटात होते.

कृष्णवर्णीय खेळाडूंना घेणाऱ्या संघांतही त्यांच्या संख्येवर अलिखित मर्यादा असे. एका वेळी मैदानावर दोन किंवा तीन कृष्णवर्णीय खेळाडू चालतील, त्याहून अधिक असल्यास प्रेक्षक व देणगीदार नाराज होतील, असा समज अनेक प्रशिक्षकांमध्ये रूढ होता. या मर्यादेला यापूर्वीही धक्के बसले होते. १९५५ साली विजेत्या ठरलेल्या सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या संघात बिल रसेल व के. सी. जोन्स यांच्यासह तीन कृष्णवर्णीय खेळाडू सुरुवातीपासून खेळत. १९६३ साली शिकागोच्या लोयोला विद्यापीठाने चार कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी विजेतेपद मिळवले होते.

प्रशिक्षक

डॉन हॅस्किन्स हे ओक्लाहोमा ए अँड एम येथे हेन्री आयबा या नामवंत प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळले होते. चेंडू सांभाळून खेळणे आणि प्रतिस्पर्ध्याला सोपा फटका मिळू न देणारा कडवा बचाव ही आयबा यांची पद्धत हॅस्किन्स यांनी पुढे चालवली. टेक्सासमधील लहान गावांच्या माध्यमिक शाळांत मुलांच्या व मुलींच्या संघांना शिकवल्यानंतर १९६१ साली ते टेक्सास वेस्टर्नमध्ये रुजू झाले. त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांतील खेळाडूंमध्ये नोलन रिचर्डसन यांचा समावेश होता. रिचर्डसन यांनी पुढे स्वतः प्रशिक्षक म्हणून आर्कान्सा विद्यापीठाला १९९४ चे विजेतेपद मिळवून दिले. हॅस्किन्स यांचा आणखी एक शिष्य जिम बार्न्स हा १९६४ च्या एनबीए निवडप्रक्रियेत सर्वप्रथम निवडला गेला. टेक्सास वेस्टर्नने १९६३ आणि १९६४ या दोन्ही वर्षी एनसीएए स्पर्धेत प्रवेश मिळवला होता. १९६६ चा संघ त्यामुळे अगदीच अनोळखी नव्हता, मात्र विजेतेपदाच्या दावेदारांत त्याची गणना होत नव्हती.

तत्कालीन नियम

या हंगामातील धावसंख्या व डावपेच समजून घेण्यासाठी त्या काळचे नियम लक्षात घेणे आवश्यक आहे. सामना २० मिनिटांच्या दोन सत्रांचा असे. ठरावीक सेकंदांत चेंडू टाकण्याचे बंधन नव्हते. ते महाविद्यालयीन पुरुष बास्केटबॉलमध्ये १९८५–८६ पासून आले. तीन गुणांची रेषा १९८६–८७ पासून लागू झाली. त्यामुळे कितीही लांबून केलेल्या गोलास दोनच गुण मिळत आणि आघाडीवर असलेल्या संघाला चेंडू हवा तेवढा वेळ आपल्याकडे ठेवता येई. बचावावर भर देणाऱ्या हॅस्किन्स यांच्या पद्धतीला हे नियम अनुकूल होते.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. १९६४ व १९६५ चा विजेता असलेल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेकडे त्या वर्षी ल्यू अल्सिंडर हा विलक्षण खेळाडू होता. करीम अब्दुल-जब्बार या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला हा खेळाडू पहिल्या वर्षात असल्याने मुख्य संघात नव्हता आणि तो संघ १९६६ च्या स्पर्धेसाठी पात्र ठरला नाही. स्पर्धेत केवळ २२ संघांना प्रवेश होता आणि प्रत्येक गटातून एकच संघ येऊ शकत असे.

संघ

संघात एकूण १२ खेळाडू होते. त्यांपैकी सात कृष्णवर्णीय, चार श्वेतवर्णीय आणि एक मेक्सिकन वंशाचा होता. कृष्णवर्णीय खेळाडूंपैकी बहुतेक उत्तरेकडील औद्योगिक शहरांतून आले होते.

• बॉबी जो हिल – गार्ड, ५ फूट १० इंच. मिशिगनमधील डेट्रॉइट परिसर. संघाचा सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू.
• ऑर्स्टन आर्टिस – गार्ड, ६ फूट १ इंच, गॅरी, इंडियाना. लांबून अचूक फटका मारण्यासाठी ओळखला जाई.
• विली वर्स्ली – गार्ड, ५ फूट ६ इंच, न्यू यॉर्क. संघातील सर्वांत ठेंगणा खेळाडू.
• डेव्हिड लॅटिन – सेंटर, ६ फूट ६ इंच, ह्यूस्टन, टेक्सास. ताकदवान शरीरयष्टीचा आणि बास्केटजवळच्या खेळात वरचढ.
• हॅरी फ्लॉर्नॉय – फॉरवर्ड, ६ फूट ५ इंच, गॅरी, इंडियाना. रिबाउंड मिळवण्यात संघात अग्रेसर.
• नेव्हिल शेड – फॉरवर्ड, ६ फूट ८ इंच, न्यू यॉर्क.
• विली केजर – फॉरवर्ड, ६ फूट ५ इंच; न्यू यॉर्क.

जेरी आर्मस्ट्राँग, लुई बॉडॉइन, डिक मायर्स, टोगो रेली आणि डेव्हिड पलासिओ हे संघातील उर्वरित खेळाडू होत. यांपैकी रेली व पलासिओ हे एल पासोचेच रहिवासी होते.

नियमित हंगाम

टेक्सास वेस्टर्न त्या काळी कोणत्याही गटाचा सदस्य नव्हता. त्यामुळे त्याला स्वतंत्रपणे सामने ठरवावे लागत आणि स्पर्धेतील प्रवेश सर्वस्वी हंगामातील कामगिरीवर अवलंबून असे. घरचे सामने महाविद्यालयाच्या मेमोरियल जिममध्ये होत.

हंगामाच्या सुरुवातीला असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत संघाला स्थान नव्हते. त्या काळी या क्रमवारीत केवळ दहा संघांची नावे असत. डिसेंबर १९६५ च्या अखेरीस एल पासो येथील सन कार्निव्हल स्पर्धेत संघाने वरच्या मानांकनाच्या आयोवा विद्यापीठाला हरवले आणि देशाचे लक्ष प्रथमच त्याच्याकडे वेधले गेले. त्यानंतर विजयांची मालिका सुरूच राहिली आणि संघ क्रमवारीत वर सरकत गेला.

सलग २३ सामने जिंकल्यानंतर ५ मार्च १९६६ रोजी नियमित हंगामातील अखेरच्या सामन्यात सिअ‍ॅटल विद्यापीठाने टेक्सास वेस्टर्नला ७४–७२ असे हरवले. हा त्या हंगामातील संघाचा एकमेव पराभव ठरला. त्याच दिवशी तोपर्यंत अपराजित असलेला केंटकीचा संघही टेनेसीकडून ६९–६२ असा पराभूत झाला. स्पर्धेपूर्वीच्या अखेरच्या क्रमवारीत केंटकी पहिल्या, ड्यूक दुसऱ्या, टेक्सास वेस्टर्न तिसऱ्या आणि कॅन्सस चौथ्या स्थानी होते.

एनसीएए स्पर्धा

विभागीय फेऱ्या

सिअ‍ॅटलमधील पराभवानंतर दोनच दिवसांनी, ७ मार्च रोजी, टेक्सास वेस्टर्नचा पहिला सामना कॅन्सस राज्यातील विचिटा येथे ओक्लाहोमा सिटीशी झाला. तो संघाने ८९–७४ असा सहज जिंकला. पुढील दोन सामने टेक्सासमधील लबक येथे झाले आणि दोन्हींचा निकाल जादा वेळेत लागला.

११ मार्च रोजी सिनसिनाटीविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्धी खेळाडूला मारल्याबद्दल नेव्हिल शेडला पंचांनी मैदानाबाहेर काढले. संघाने अखेर जादा वेळेत ७८–७६ असा विजय मिळवला.

दुसऱ्या दिवशी कॅन्ससविरुद्धचा सामना या हंगामातील सर्वांत वादग्रस्त क्षणासाठी ओळखला जातो. जादा वेळेचे पहिले सत्र बरोबरीत संपत असताना कॅन्ससच्या जो जो व्हाइटने लांबून टाकलेला चेंडू बास्केटमध्ये गेला. मात्र चेंडू टाकताना त्याचा पाय सीमारेषेवर होता, असा निर्णय पंचांनी दिला आणि गोल रद्द झाला. दुसऱ्या जादा सत्रात टेक्सास वेस्टर्नने ८१–८० अशी बाजी मारली. तो गोल ग्राह्य धरला गेला असता तर संघाचा प्रवास तेथेच संपला असता.

उपांत्य सामना

उपांत्य व अंतिम सामने मेरीलँड विद्यापीठाच्या कोल फील्ड हाउस येथे झाले. १८ मार्च रोजी टेक्सास वेस्टर्नने युटा विद्यापीठाला ८५–७८ असे हरवले. युटाच्या जेरी चेंबर्सने एकट्याने ३८ गुण मिळवले. त्याला रोखण्यात एकामागून एक खेळाडू अपयशी ठरल्यावर हॅस्किन्स यांनी श्वेतवर्णीय जेरी आर्मस्ट्राँगला मैदानात उतरवले. सामन्याच्या उत्तरार्धात त्याने चेंबर्सला बऱ्यापैकी जखडून ठेवले आणि हा बदल निर्णायक ठरला. युटाला स्पर्धेत चौथे स्थान मिळाले, तरी स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान चेंबर्सलाच देण्यात आला.

दुसऱ्या उपांत्य सामन्यात केंटकीने ड्यूकवर ८३–७९ अशी मात केली. पहिल्या दोन क्रमांकांच्या संघांमधील ही लढत अनेकांच्या मते खरा अंतिम सामना होती.

अंतिम सामना

१९ मार्च १९६६ रोजी १४,२५३ प्रेक्षकांच्या उपस्थितीत अंतिम सामना खेळवला गेला. दोन्ही संघांनी हंगामात प्रत्येकी २७ सामने जिंकले होते आणि एकेक गमावला होता. केंटकीचे प्रशिक्षक अडॉल्फ रप यांनी यापूर्वी १९४८, १९४९, १९५१ व १९५८ अशी चार विजेतेपदे मिळवली होती. त्यांच्या सुरुवातीच्या पाच खेळाडूंपैकी एकही ६ फूट ५ इंचांहून उंच नव्हता. वेग, अचूक फटके आणि सफाईदार चेंडूफेक हे या संघाचे बळ होते. पॅट रायली आणि लुई डॅम्पियर हे त्याचे प्रमुख खेळाडू होते.

केंटकीच्या वेगाला तोंड देण्यासाठी हॅस्किन्स यांनी सुरुवातीच्या संघात बदल केला. ६ फूट ८ इंच उंचीच्या शेडऐवजी त्यांनी ५ फूट ६ इंच उंचीच्या वर्स्लीला घेतले आणि हिल, आर्टिस व वर्स्ली असे तीन गार्ड एकाच वेळी मैदानात उतरवले. त्यांच्या जोडीला लॅटिन आणि फ्लॉर्नॉय होते. बदली खेळाडू म्हणून केवळ शेड व केजर यांचा उपयोग करण्यात आला. अशा प्रकारे संपूर्ण सामन्यात संघाकडून सात कृष्णवर्णीय खेळाडूच खेळले.

सामन्याच्या सुरुवातीलाच लॅटिनने रायलीच्या अंगावरून चेंडू जोराने बास्केटमध्ये दाबून आपल्या संघाचा इरादा स्पष्ट केला. पहिल्या सत्राच्या मध्यास हिलने काही सेकंदांच्या अंतराने केंटकीच्या गार्डांकडून लागोपाठ दोनदा चेंडू हिसकावला आणि दोन्ही वेळा बिनविरोध गोल केला. या दोन चालींनी सामन्याचा रोख बदलला, असे बहुतेक वर्णनांत म्हटले आहे. मध्यंतराला टेक्सास वेस्टर्न ३४–३१ असा पुढे होता. दुसऱ्या सत्रात केंटकीने अंतर कमी केले, परंतु त्याला आघाडी घेता आली नाही.

मैदानी गोलांच्या संख्येत केंटकीच पुढे होता. त्याने ७० प्रयत्नांत २७, तर टेक्सास वेस्टर्नने ४९ प्रयत्नांत २२ गोल केले. सामना ठरला तो फ्री थ्रोंवर. टेक्सास वेस्टर्नने ३४ पैकी २८ फ्री थ्रो यशस्वी केले. केंटकीला १३ संधींत ११ गुण मिळाले. कमी पण निवडक फटके, आणि प्रतिस्पर्ध्याला चुका करायला लावणारा खेळ हे हॅस्किन्स यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य या आकड्यांत दिसते.

टेक्सास वेस्टर्नचे गुण: हिल २०, लॅटिन १६, आर्टिस १५, वर्स्ली ८, केजर ८, शेड ३, फ्लॉर्नॉय २; एकूण ७२.

केंटकीचे गुण: डॅम्पियर १९, रायली १९, कॉन्ली १०, जॅरेस ७, क्रॉन ६, बर्जर ४, एकूण ६५.

विजयानंतर बास्केटची जाळी कापून नेण्याची प्रथा आहे. खेळाडूंच्या आठवणींनुसार, त्या दिवशी संघासाठी शिडी आणली गेली नाही. तेव्हा सर्वांत उंच शेडने सर्वांत ठेंगण्या वर्स्लीला उचलून धरले आणि जाळी कापण्यात आली.

स्पर्धेतील निकाल

• ७ मार्च, विचिटा: ओक्लाहोमा सिटीवर ८९–७४ असा विजय
• ११ मार्च, लबक: सिनसिनाटीवर ७८–७६ असा विजय (जादा वेळ)
• १२ मार्च, लबक: कॅन्ससवर ८१–८० असा विजय (दोन जादा सत्रे)
• १८ मार्च, कॉलेज पार्क: युटावर ८५–७८ असा विजय
• १९ मार्च, कॉलेज पार्क: केंटकीवर ७२–६५ असा विजय

परिणाम

या विजयामुळे दक्षिणेतील क्रीडाक्षेत्रातील वर्णविभाजन एका रात्रीत संपले, असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात हा बदल आधीच सुरू झाला होता. ज्या मेरीलँड विद्यापीठाच्या सभागृहात अंतिम सामना झाला, तेथील बिली जोन्स हा त्याच हंगामात अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समधील पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू ठरला होता. टेक्सासमधील साउथवेस्ट कॉन्फरन्स गटात जेम्स कॅश याने १९६६–६७ मध्ये पदार्पण केले. त्याची निवड मात्र या सामन्यापूर्वीच झाली होती. साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पेरी वॉलेसने १९६७–६८ मध्ये ही मर्यादा ओलांडली. केंटकीकडून टॉम पेन हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९७०–७१ च्या हंगामात खेळला.

या सामन्याने बदलाचा वेग वाढवला, याविषयी मात्र फारसे दुमत नाही. केवळ कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ शिस्तीने खेळू शकणार नाही, त्याला सांभाळण्यासाठी मैदानावर श्वेतवर्णीय खेळाडू हवाच, हा त्या काळी सर्रास बोलला जाणारा पूर्वग्रह होता. टेक्सास वेस्टर्नने बचाव आणि संयमाच्या बळावर विजय मिळवल्याने तो उघडपणे खोटा ठरला. कृष्णवर्णीय खेळाडूंना बाहेर ठेवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवणे यापुढे कठीण जाईल, हेही दक्षिणेतील विद्यापीठांच्या लक्षात आले. पॅट रायली पुढे एनबीएमधील नामवंत प्रशिक्षक झाला. प्रतिस्पर्धी म्हणून हरलेल्या या सामन्याचे ऐतिहासिक महत्त्व त्याने अनेकदा मान्य केले.

हॅस्किन्स यांनी आपण इतिहास घडवण्यासाठी नव्हे, तर उपलब्ध खेळाडूंतील सर्वोत्तम पाच म्हणून त्यांना खेळवले, असे कायम सांगितले. विजयानंतर त्यांना द्वेषाने भरलेली असंख्य पत्रे आली. दुसरीकडे, ते कृष्णवर्णीय खेळाडूंचा वापर करून घेत आहेत, असा आरोपही त्यांच्यावर झाला. त्या काळात हे विजेतेपद मिळाले नसते तर बरे, असे आपल्याला वाटत असे, हे त्यांनी पुढे कबूल केले.

टीका आणि मतभेद

स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या साप्ताहिकाने १९६८ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय खेळाडूंच्या स्थितीवर जॅक ओल्सेन यांची लेखमाला प्रसिद्ध केली. तीत एल पासो येथील विद्यापीठावर कठोर टीका होती. मैदानावर कौतुक होणाऱ्या खेळाडूंना वर्गात व शहरात परकेपणाची वागणूक मिळते, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षी विद्यापीठातील काही कृष्णवर्णीय धावपटूंनी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविरुद्धच्या स्पर्धेत भाग घेण्यास नकार दिला आणि त्यांना संघातून काढण्यात आले. त्यांत लांब उडीतील बॉब बीमन याचाही समावेश होता. काही महिन्यांनी मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये त्याने ८.९० मीटरचा विश्वविक्रम केला.

कादंबरीकार जेम्स मिचनर यांनी १९७६ च्या आपल्या क्रीडाविषयक ग्रंथात १९६६ च्या खेळाडूंचे शोषण झाले, असे मत मांडले. संघातील अनेकांनी हे चित्र नाकारले. त्यांच्यापैकी अनेकांनी पदव्या पूर्ण केल्या होत्या आणि हॅस्किन्स यांच्याशी त्यांचे संबंध अखेरपर्यंत जिव्हाळ्याचे राहिले.

अडॉल्फ रप यांच्या भूमिकेविषयीही मतभेद आहेत. त्यांचा संघ अनेक दशके पूर्णपणे श्वेतवर्णीय राहिल्याने ते वर्णविभाजनाचे प्रतीक मानले गेले. त्यांनी १९६४ साली वेस अन्सेल्ड या कृष्णवर्णीय खेळाडूला आपल्या विद्यापीठात आणण्याचा प्रयत्न केला होता, याकडे त्यांचे समर्थक लक्ष वेधतात. त्या प्रयत्नांत पुरेसा आग्रह नव्हता, असे टीकाकारांचे म्हणणे आहे.

पुढील वाटचाल

लॅटिन १९६७ साली एनबीएमधील सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सकडे गेला आणि नंतर फिनिक्स सन्सकडूनही खेळला. अंतिम सामन्याचा नायक ठरलेल्या हिलचे ८ डिसेंबर २००२ रोजी निधन झाले. हॅस्किन्स १९९९ पर्यंत याच विद्यापीठात राहिले आणि ३८ हंगामांत त्यांच्या संघांनी ७१९ सामने जिंकले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ते आपले गुरू आयबा यांचे सहायक होते. १९९७ साली त्यांचा नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला आणि विद्यापीठाच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. ७ सप्टेंबर २००८ रोजी त्यांचे निधन झाले.

पुरुषांच्या एनसीएए स्पर्धेत टेक्सास राज्यातील संघाने मिळवलेले हे पहिले विजेतेपद होते. २०२१ साली बेलर विद्यापीठ विजयी होईपर्यंत ते राज्याचे एकमेव विजेतेपद राहिले.

चित्रपट

या हंगामावर आधारित ग्लोरी रोड हा चित्रपट जानेवारी २००६ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जेम्स गार्टनर आणि निर्माते जेरी ब्रुकहायमर होते. जॉश लुकासने हॅस्किन्स यांची, तर जॉन व्हॉइटने रप यांची भूमिका केली. चित्रपटात काही घटना बदलल्या आहेत. त्यात हॅस्किन्स पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवताना दिसतात. प्रत्यक्षात तो त्यांचा पाचवा हंगाम होता. कृष्णवर्णीय खेळाडूंना महाविद्यालयात प्रथम त्यांनीच आणले, असा समज चित्रपटामुळे होतो. परंतु चार्ल्स ब्राउन त्यांच्या आगमनापूर्वी पाच वर्षे तेथे दाखल झाला होता.